तिरकी खाच

दाराच्या उजव्या चौकटीवर, साधारण खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची एक तिरकी खाच होती. वरचं टोक घराच्या आतल्या बाजूला कललेलं. तांबूस दगडाची चौकट, तिच्यावर नंतर कधीतरी रंगाचे दोन-तीन हात बसलेले, तरी खाच बुजलेली नव्हती. श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला, नेकार नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात मी रविवारी सकाळी पाव मिळेल का बघत हिंडत होते, आणि त्या दारापाशी माझे पाय थांबले.

खाच ओळखीची वाटली ती अलिबागमुळे. माझं आजोळ तिथलं. इस्रायल आळीत आजीची एक मैत्रीण राहायची, आम्ही मुलं तिला मावशीच म्हणायचो. तिच्या दाराच्या चौकटीवर, नेमकी याच जागी, एक छोटी डबी ठोकलेली होती. सरळ होती की तिरकी ते आता आठवत नाही. बाजारातून आली की मावशी पिशवी डाव्या हातात घ्यायची, उजव्या हाताची बोटं डबीला लावायची आणि तीच बोटं ओठांना. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मेझुझा आहे गं. देवाचं वचन असतं आत." आणि मग लगेच, "पाय धुऊन ये आधी."

खाच बघत उभी राहिले तेवढ्यात दार उघडून एक म्हातारी बाई बाहेर आली. हातात केरसुणी. मी गडबडून माफी मागितली, दगडाकडे बोट केलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. "हो, ज्यूंचं घर," ती म्हणाली. "दार आम्ही बदललं, चौकट तीच आहे. गुरांचा व्यापारी राहायचा इथे. माझ्या आजोबांनी त्याच्याकडून गाय घेतली होती." घर तिच्याकडे कसं आलं ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तो न विचारलेला प्रश्न मला गेली तीन वर्षं रविवारी रविवारी या मुलखातल्या खेड्यांतून फिरवतो आहे.

युरोपातले ज्यू म्हटलं की आपल्याला शहर आठवतं. पेढी, डॉक्टर, प्राध्यापक, व्हायोलिन. दक्षिण जर्मनीतले ज्यू मात्र तीनशे-चारशे वर्षं खेडुत होते. शेणाच्या उकिरड्याशेजारी घर, परसात बकरी, बोलण्यात गावची बोली. आणि ते खेड्यात स्वतःहून आले नव्हते. पंधराव्या शतकात एकेक शहर त्यांना हाकलत गेलं. ऑग्सबर्गने १४४० पर्यंत, न्यूर्नबर्ग आणि उल्मने १४९९ मध्ये, रेगेन्सबर्गने १५१९ मध्ये. व्यूर्टेंबर्गचा धनी एबरहार्ड, त्याने ट्यूबिंगेनचं विद्यापीठ काढलं, त्याच गावातून ज्यूंना घालवलं, आणि आपल्या राज्यात ते पुन्हा नकोत असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. १४९८ पासून पुढची तीनशे वर्षं व्यूर्टेंबर्गने ते पाळलं.

पण तेव्हाचा हा मुलूख म्हणजे ठिगळांची गोधडी होती. व्यूर्टेंबर्गच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की एखाद्या सरदाराचं गाव, त्यापलीकडे होहेनत्सोलर्न घराण्याचं, मग ऑस्ट्रियाचं, मग सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांचं. एकेका सरदाराच्या वाट्याला दोन-तीन गावं, आणि त्यातून वाडा, नोकरचाकर, शिकारीचे कुत्रे सगळं भागवायचं. तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे १६१८ ते १६४८ मध्ये, गावंच्या गावं ओस पडली, तेव्हा तर अशा धन्यांना करदात्यांची फारच निकड होती. त्यांनी ज्यूंना राहू दिलं. त्याचा कागद असे, श्युट्सब्रीफ, म्हणजे रक्षणपत्र. दर वर्षी रक्षणपट्टी भरायची. लग्नाला वेगळे पैसे, दफनाला वेगळे. शेजारच्या धन्याच्या हद्दीत शिरताना नाक्यावर अंगावरचा जकात कर, जसा बैलावर घेत तसा माणसावर. जमीन घ्यायची नाही, कारागिरांच्या संघात शिरायचं नाही. परवाना बहुधा एका मुलापुरता. बाकीच्या मुलांनी कुठे जायचं याचं उत्तर कुठल्याच कागदावर नसे.

हे सगळं वाचताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. ज्यांना गावात वीतभर जमीन घ्यायला बंदी, त्यांनी गावाचं नाव अंगावर घेतलं. आडनावं सक्तीची झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पण गावावरून ओळखण्याची सवय जुनी. बाम्बर्गर, हेशिंगर, उल्मर, ओपेनहाइमर, सुल्झबुर्ग गावावरून सुल्झबर्गर. शेवटी लागणारा तो 'अर' म्हणजे आपला 'कर'. मावशीच्या आळीत रोहेकर होते, पेणकर, किहीमकर, झिराडकर होते. कोकणातले बेने इस्रायल ज्यू आणि श्वाबेनमधले, म्हणजे या मुलखातले, ज्यू यांचा एकमेकांशी कधी संबंध आला नाही. यांनी भाषा मराठी घेतली, त्यांनी जर्मन. तरी दोघांनी कुठून आलात या प्रश्नाला एकाच पद्धतीने उत्तर दिलं. परक्या मुलखात दोन मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न येतो, तुमचं गाव कोणतं? ओपेनहाइमरला तो प्रश्न विचारावाच लागला नसता.

त्यांचा आठवडा कसा जायचा ते मला पाठ झालं आहे. रविवारी सकाळी पाठीवर गाठोडं घेऊन घराबाहेर पडायचं. गाठोड्यात फिती, बटणं, सुया, कापडाचे तुकडे, चष्मे. या फिरतीला ते मेदीने म्हणत, हिब्रूतून आलेला शब्द. एकेकाची मेदीने ठरलेली असे, याची पाच खेडी, त्याची सहा, आणि दुसऱ्याच्या खेड्यात पाय ठेवायचा नाही. रात्री शेतकऱ्याच्या पडवीत झोपायचं. खाणं धर्माप्रमाणे हवं म्हणून स्वतःचं भांडं बरोबर, त्यात उकडलेली अंडी नाहीतर बटाटे. आणि शुक्रवारी दुपारच्या आत, पाऊस असो की बर्फ, घर गाठायचं. संध्याकाळी शाब्बेस, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायचा. घराघरांत खसखस लावलेला वेणीचा पाव असायचा, त्याला इथे बेर्खेस म्हणत. शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, तर शेजारची ख्रिस्ती मुलगी येऊन चूल पेटवून द्यायची आणि बेर्खेसचा तुकडा घेऊन जायची. पासओव्हरच्या सणाला मात्झाच्या पातळ भाकऱ्या शेजाऱ्यांकडे जायच्या, आपल्याकडे दिवाळीचं ताट जातं तशा. मावशीच्या समाजाचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून कोकणाने त्यांना शनवार तेली म्हटलं. इथल्या खेड्यालाही शनिवार कळायचा तो यांच्या आळीतल्या शांततेवरून.

ज्याची थोडी ऐपत झाली तो गाठोडं सोडून गुरांच्या धंद्यात शिरायचा. या भागातला गुरांचा बाजार बराचसा ज्यू व्यापाऱ्यांच्या हातात होता, आणि त्याची रीत ऐकल्यावर मला आपले हेडी आठवले. आपल्या बाजारात दोन हात रुमालाखाली जातात आणि बोटं भाव बोलतात. इथे रुमाल नव्हता, पण आकडे होते. ओल्फ, बेस, गिमेल, डोलेत. हिब्रू अक्षरांवरून मोजलेले, जर्मन चालीत बोललेले. घोडा म्हणजे सुस, गाय म्हणजे बेहेमे. मध्ये पडून सौदा जुळवणारा दलाल म्हणजे श्मूझर. भाव ठरला की तळहातावर तळहात जोरात आपटायचा, तीच पावती. फ्रँकोनियातल्या शोपफ्लोख गावात ही बोली ख्रिस्ती शेतकऱ्यांच्याही तोंडी इतकी बसली की ज्यू गेल्यानंतरही ती तिथल्या जुन्या माणसांत उरली. तिला ते लाखोउदिश म्हणतात. मूळ शब्द लशोन हाकोदेश, म्हणजे पवित्र भाषा. देवळातली भाषा गोठ्यात आली आणि बोलणारे गेले तरी गोठ्यात राहिली.

पैसा नसलेल्या शेतकऱ्याला व्यापारी गाय उधारीवर द्यायचा. गाय राहायची शेतकऱ्याच्या गोठ्यात, दूध त्याचं, वासरू वाटून. वाईट वर्षी ही उधारीच घर तगवायची, आणि वाईट वर्षीच ती डोळ्यांत खुपायची. मी दोन्ही बाजूंचं वाचलं आहे. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मला म्हणायचं नाही. कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यात जी तेढ असते ती इथेही होती, आणि तिला धर्माचं नाव द्यायला नेहमीच कुणीतरी तयार असायचं. तरीही, ते एकमेकांच्या गोठ्यात जात होते, गाभण म्हशीच्या पोटावर हात ठेवून आपला माणूस जे सांगतो तेच गायीबद्दल एकमेकांना सांगत होते. इतकी जवळीक फार थोड्या नात्यांत असते.

आता बारशाचं सांगते, कारण त्यानेच मला सगळ्यात जास्त हलवलं. मुलाचं हिब्रू नाव आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ठरायचं. पण रोजच्या हाकेचं नाव ठेवायचा वेगळा सोहळा या खेड्यांत होता, मुलग्यांचा आणि मुलींचाही. होलेक्राइश. आई बाळंतपणानंतर पहिल्यांदा सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, जाऊन आली की त्या शनिवारी दुपारी गावातली पोरं जमायची. पाळण्याभोवती उभी राहायची, पाळणा तीनदा वर उचलायची आणि दर वेळी ओरडायची, "होलेक्राइश! बाळाचं नाव काय?" मग मोठ्याने नाव घ्यायचं आणि पोरांच्या ओंजळीत गोळ्या, सुकी फळं, बदाम. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याच्या खालून-वरून फिरणारे हात डोळ्यांपुढे आले. त्यानंतरची कुर्र, पाठीतला धपाटा, घुगऱ्या. दोन मुलखांत सहा-सात हजार किलोमीटरचं अंतर आहे, आणि पाळण्याशी जमलेल्या माणसांना तेच सुचतं.

१८०६ च्या सुमाराला नेपोलियनच्या धामधुमीत ती ठिगळं एकत्र शिवली गेली. तीनशे वर्षं ज्यूंना दार बंद ठेवलेल्या व्यूर्टेंबर्गला नवी गावं मिळाली, आणि गावांबरोबर ज्यूही. बव्हेरियाने १८१३ मध्ये फर्मान काढलं. प्रत्येक गावात ज्यू कुटुंबांचा आकडा ठरला, नोंदवहीत जितके क्रमांक तितकीच कुटुंबं. क्रमांक रिकामा झाला तर लग्न करून बिऱ्हाड मांडायचं, नाहीतर थांबायचं. चाळिशी उलटेपर्यंत वाग्दत्त वधूवर थांबलेले असत. जे थांबले नाहीत ते अमेरिकेच्या बोटीत चढले. बाम्बर्गजवळच्या बुटेनहाइम गावात हिर्श श्ट्राउस नावाचा फेरीवाला होता. तो १८४६ मध्ये वारला, आणि पुढच्या वर्षी त्याची विधवा धाकटी मुलं घेऊन न्यूयॉर्कला निघाली. त्यातला अठरा वर्षांचा ल्योब म्हणजे पुढचा लिव्हाय स्ट्रॉस. १८७३ मध्ये तांब्याच्या खिळ्यांच्या विजारीचं पेटंट त्याच्या आणि एका शिंप्याच्या नावावर झालं. त्याचं लाकडी सांगाड्याचं जन्मघर बुटेनहाइममध्ये अजून उभं आहे, आता तिथे संग्रहालय आहे. पायऱ्या इतक्या अरुंद की गाठोडं पाठीवर घेऊन हा माणूस वर कसा चढत असेल, असं मला तिथे वाटलं.

बव्हेरियातला तो आकडा १८६१ मध्ये रद्द झाला, बाडेनने १८६२ मध्ये समान हक्क दिले, व्यूर्टेंबर्गने १८६४ मध्ये. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं या खेड्यांच्या इतिहासात उन्हासारखी पडलेली आहेत. ऱ्हाइनकाठच्या गायलिंगेनमध्ये १८७० साली गावाचा महापौर झाला तो ज्यू होता, आणि चौदा वर्षं राहिला. बुखाऊच्या सिनेगॉगवर घंटा होती, चर्चवर असते तशी. सिनेगॉगवर घंटा ही जगातच दुर्मीळ गोष्ट. त्या बुखाऊत आइनस्टाइन आडनावाचं मोठं गोत होतं आणि अल्बर्टचे वडील हेर्मान तिथेच १८४७ मध्ये जन्मले. लाउटर नदीच्या खोऱ्यातल्या बुटेनहाउझेनमधली ज्यू वस्ती १७८७ मध्ये पंचवीस कुटुंबांना मिळालेल्या रक्षणपत्राने सुरू झाली, आणि शंभर वर्षांत जवळपास निम्मं गाव ज्यू होतं. पण मोकळीक मिळाली तशी माणसं निघालीही. ज्या शहरांनी कधीकाळी हाकललं होतं तीच शहरं आता बोलावत होती. मुलं श्टुटगार्टला, म्युनिकला, फ्रँकफर्टला गेली. खेड्यात मागे राहिले ते म्हातारे आणि गुरांचे व्यापारी. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात त्यांची मुलंही लढली. इथल्या गावोगावच्या युद्धस्मारकांवर ती नावं इतरांच्या नावांमध्येच कोरलेली आहेत.

१९३३ नंतरचं मला लांबवायचं नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. नाझी राजवटीने शेतकऱ्यांना ज्यू व्यापाऱ्यांशी व्यवहार तोडायला सांगितलं, आणि कितीतरी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं तो तोडला नाही. १९३७ पर्यंत गुप्त पोलिसांच्या अहवालांत त्याबद्दल चरफड आहे. ज्यू व्यापारी रोख देतो, भाव बरा देतो, नड असेल तर थांबतो, असं शेतकरी तोंडावर सांगत. यात शौर्य किती आणि व्यवहार किती हे मी ठरवणार नाही. १९३८ मध्ये परवानेच काढून घेतले, प्रश्न मिटला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, देशभर सिनेगॉगं जाळली-फोडली गेली त्या रात्री, बुटेनहाउझेनचं सिनेगॉग बाहेरगावच्या एसएच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या गणवेशधारी दलाच्या, लोकांनी पेटवलं. गावच्या बंबवाल्यांनी येऊन आग विझवली. ते लोक पुन्हा आले आणि पुन्हा पेटवलं. कितीतरी खेड्यांत सिनेगॉग जाळलं नाही, नुसतं आतून फोडलं, कारण भिंतीला भिंत लागून शेजाऱ्याचं कोठार होतं.

रेक्सिंगेन गावातल्या काही ज्यू कुटुंबांनी त्याआधीच वेगळं ठरवलं होतं. एकेकट्याने जायचं नाही, गाव म्हणून जायचं. १३ एप्रिल १९३८ रोजी त्यांनी पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, नहारियाजवळ, शावेई त्सियोन वसवलं. सगळ्यांना जाता आलं नाही. बाडेनमधल्या ज्यूंना २२ ऑक्टोबर १९४० रोजी फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत नेलं, पाल्झ आणि सारच्या लोकांसह साडेसहा हजारांवर माणसं, म्हाताऱ्यांसकट, तयारीला जेमतेम तास-दोन तास. व्यूर्टेंबर्गच्या खेड्यांतून १९४१ च्या नोव्हेंबरअखेर हजारभर माणसं श्टुटगार्टच्या किलेसबर्गवर गोळा केली आणि १ डिसेंबरला रीगाला पाठवली. किलेसबर्ग आता बाग आहे. माझी मुलगी तिथे सायकल शिकली. ही तारीख मला तेव्हा माहीत नव्हती.

आणि मग लिलाव. घरं रिकामी झाली तेव्हा सरकारी खात्याने आतलं सामान लिलावात काढलं. ल्योराखमधल्या अशा लिलावाची छायाचित्रं आहेत. ती मी फार वेळ पाहिली. रस्त्यावर गर्दी, बायका पुढे झुकलेल्या, एक माणूस हात वर करून काहीतरी दाखवतोय. पिसांच्या गाद्या, खुर्च्या, मेजावरची वस्त्रं. चेहरे हसरे आहेत, बाजाराच्या दिवशी असतात तसे. ते शेजारी होते. कालपर्यंत बेर्खेसचा तुकडा त्यांच्या घरी जात होता.

केरसुणीवाल्या बाईला मी का विचारलं नाही ते या छायाचित्रांमुळे मला कळलं.

सिनेगॉगच्या इमारती उरल्या, त्यांचं पुढे काय झालं ते प्रत्येक गावाने आपापल्या सोयीने ठरवलं. रेक्सिंगेनचं चर्च झालं. इखेनहाउझेनचं बरीच वर्षं अग्निशमन केंद्र होतं. हायगरलोखचं आधी चित्रपटगृह झालं, मग वाणसामानाचं दुकान, मग कापडाचं गोदाम, आणि २००४ पासून स्मारक. बायझिंगेनचं कोठार झालं होतं. जीर्णोद्धार करताना तिथल्या लोकांनी ते नवंकोरं केलं नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. फुटलेलं फुटकं ठेवलं, कोठाराच्या खुणाही ठेवल्या, आणि वर लाकडी छताला रंगवलेल्या चांदण्या आहेत त्या आहेत तशा. बुटेनहाउझेनमध्ये गावातल्याच एका शेतकऱ्याने ज्यू दफनभूमीतले दगड वर्षानुवर्षं एकेक करून उभे केले, नावं वाचली, कागद गोळा केले. त्याला कुणी नेमलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात एका लहान संग्रहालयात मी विंपेल पाहिलं. बाळाची सुंता होताना त्याच्या अंगाखाली जे दुपटं असतं, ते धुऊन, त्याच्या पट्ट्या कापून, टोकाला टोक शिवून एक लांब फीत करायची. आईने किंवा आजीने तिच्यावर रंगीत दोऱ्याने भरायचं. बाळाचं नाव, बापाचं नाव, जन्मतिथी, बहुधा रासही. आणि एक इच्छा, सगळीकडे तीच, की हा धर्म शिको, लग्नमंडपात उभा राहो, सत्कर्म करो. मूल तीनेक वर्षांचं होऊन दुपट्याबाहेर पडलं की ते स्वतः ही फीत सिनेगॉगला नेऊन द्यायचं. ती तोरेच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीला बांधायची. त्याच्या तेराव्या वर्षी, तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचायला उभा राहील तेव्हा, त्याचीच फीत त्या पोथीला.

संग्रहालयातल्या बाईंनी सुती मोजे घातले आणि फीत उलगडायला सुरुवात केली. टेबल संपलं, तशी त्यांनी शेजारी दुसरं ओढलं. तीन मीटरहून जास्त होती. तिथीच्या अक्षरांशेजारी मीन राशीचे दोन मासे, एक निळा आणि एक तांबडा. लग्नाच्या शब्दापाशी मांडव, त्याखाली बोटाएवढे नवरानवरी. जिथे दोन पट्ट्या जोडल्या होत्या तिथली शिवण जाड, घाईची, बाकी भरतकामाच्या मानाने अगदी अडाणी. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ वाकून राहिले. दुपट्याची मूळ किनार त्या शिवणीत दुमडलेली दिसत होती, धुऊन धुऊन मऊ पडलेली. माझ्या मुलीची दुपटी माझ्या आईने जुन्या साड्यांची शिवली होती. त्यांची किनार अशीच दुमडलेली आहे.

"हात लावू का?" मी विचारलं. बाईंनी मोज्यांचा दुसरा जोड पुढे केला.

मग आम्ही दोघींनी मिळून ती गुंडाळली. मी माझ्या बाजूने, नावाकडून सुरू करायला गेले, तर त्यांनी थांबवलं. शेवटाकडून गुंडाळत यायचं, म्हणाल्या, म्हणजे नाव वर राहतं.